डोणगावचं बेवारस घर

पुण्याहून निघताना पत्नीनं विचारलं, "जाताच आहात, तर अजिंठा पाहून येणार का?" शेजारच्या काकांनी विचारलं, "तिकडं कोणी नात्यातलं आहे का?" वकिलांच्या खोलीतल्या मित्रांनी मात्र काहीच विचारलं नाही. मी कशासाठी निघालोय ते त्यांना आधीच कळलं होतं, आणि ते एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसत होते. महाराष्ट्र राज्य होऊन फार काळ लोटला नव्हता. नव्या राज्यात कोणाला काय मिळणार याचीच जिकडेतिकडे चर्चा होती, आणि मी निघालो होतो बुलडाणा जिल्ह्यातल्या डोणगावला, एका हिजड्याचं घर वाचवायला.

हा शब्द वाचून ज्यांनी नाक मुरडलं असेल त्यांनी इथेच थांबावं, पुढे त्यांना अजिंठाही भेटणार नाही. त्या लोकांत हा शब्द साधा, ओळख सांगायचा आहे. त्याची शिवी आपण केली, आणि आता आपल्यालाच तो उच्चारायची लाज वाटते.

आमच्या मागच्या गल्लीत शांतामावशी नावाची एक वयस्क हिजडा राहते. एका सकाळी ती माझ्या कचेरीत आली, तेव्हा बाकावरचे सगळे पक्षकार एकाएकी पाय मोकळे करायला बाहेर गेले. शांतामावशीनं सांगितलं ते असं. डोणगावात तिची गुरुबहीण लीलागुरू राहायची. ती वारली. तिची चेली रुक्मा तिच्याच घरात राहून तिची सेवा करत होती. गुरू गेल्यावर कुठूनसा एक पुतण्या उगवला, त्यानं घरावर हक्क सांगितला, आणि सरकारी माणसांनी रुक्माला बाहेर काढून दाराला कुलूप ठोकलं. मेहकरच्या एकाही वकिलानं तिचं काम घेतलं नाही. आम्ही वकील मंडळी खुन्याचं वकीलपत्र घेताना कपाळावर आठी पडू देत नाही, वर घटनेतलं एखादं कलम ऐकवतो. पण हिजड्याचं नाव निघालं की आम्हाला एकदम इभ्रत आठवते. मला राग आला आणि मी हो म्हटलं. रागाच्या भरात मी बरीच कामं घेतली आहेत, त्यातली काही बरी निघाली.

मनमाडला गाडी बदलून मलकापूरला उतरलो तेव्हा ऊन वर आलं होतं. दिवाळी नुकतीच झाली होती. स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि बैलांच्या शिंगांनासुद्धा कापूस चिकटला होता. बुलडाण्याच्या एसटीत माझ्या शेजारी एक टोपीवाले गृहस्थ बसले. धोतर परीटघडीचं, बोटात अंगठी. मोताळा मागे पडेपर्यंत त्यांनी नव्या राज्याचं गुणगान केलं. आता आपलं सरकार आलं, आता सगळ्यांना न्याय, वगैरे. राजूरचा घाट चढताना एसटी धापा टाकू लागली आणि त्यांचं भाषण थोडं थांबलं. खाली दरीत सागाची झाडं, वर कोरडं निळं आभाळ, आणि हवेत असा गारवा की मला पिशवीतून मफलर काढून गुंडाळावा लागला.

"काय काम काढलं इकडं?" त्यांनी विचारलं.

"मेहकरच्या तहसिलीत एक घराचं प्रकरण आहे. डोणगावच्या एका हिजड्याचं."

ते जरासे खिडकीकडे सरकले. "त्यायले कायदा कायले पाह्यजे हो? ते तं दुआ देऊन जगतेत. माह्या नातवाच्या बारशाले मी सोता बलावलं होतं. लुगडं देल्लं, नारळ देल्ला. आपन काही वाईट नाही वागवत त्यायले."

"आणि घर?"

"घर कायले पाह्यजे त्यायले?" गृहस्थांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं. चिमणीला पलंग कशाला, असं विचारावं तसा तो सूर होता. सगळ्यांना मिळणारा तो न्याय घाटाच्या वर येईपर्यंत एवढा आखडला होता.

बुलडाणा हे गाव इंग्रजांनी हवेसाठी निवडलं, हे तिथला प्रत्येक माणूस भेटल्याबरोबर सांगतो. मी खाणावळीत जेवायला बसलो तेव्हा वाढप्यानंही सांगितलं. ताटात ज्वारीची भाकर, वांग्याची रस्सेदार भाजी आणि वर भरपूर सांबार (म्हणजे आपली कोथिंबीर) होता. भाजी इतकी जहाल होती की पहिल्याच घासाला मला उचकी लागली आणि ती चिखलीपर्यंत थांबली नाही. पुतण्याचं गाव देऊळघाट, तिथून जवळच. सुपीक जमीन, हिरवीगार शेतं, मोठी घरं. या माणसाला डोणगावचं मातीचं घर कशाला हवं होतं, ते मला पुढेही समजलं नाही. हवं असायला कारण लागत नाही, एवढंच खरं.

मेहकरच्या स्टँडवर रुक्मा मला घ्यायला आली होती. उंच, सावळी, पस्तिशीची बाई, अंगावर पांढरं लुगडं. गुरू गेल्यावर चेलीनं पांढरं नेसायचं आणि सुतक फिटेपर्यंत बधाईला (बारसं, लग्न असेल तिथं नाचून आशीर्वाद द्यायला) जायचं नाही, अशी त्यांची रीत आहे. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "वकीलसायेब तुमीच का? मी रुक्मा. लीलागुरूची चेली." एखादी मुलगी बापाचं नाव सांगते तसंच तिनं ते सांगितलं.

डोणगावच्या गाडीत वेगळाच तमाशा. बायकांसाठी राखलेल्या बाकावर रुक्मा टेकली तशी एक बाई म्हणाली, "इकडं नको बसू बाई." ती उठून मागे गेली तर एक जण ओरडला, "मंग का आमच्या मांडीवर बसतं का?" सगळी गाडी हसली. कंडक्टरनं तिकीट मात्र बरोबर फाडलं, तिथं त्याला काही शंका आली नाही. शेवटी ड्रायव्हरनं हाक मारली, "मावशी, पुढं ये, बॉनेटवर बस. अन् गाडीवर एकडाव हात ठेव, मंघापासून लय तरास देऊन राह्यली." रुक्मानं गाडीवर हात ठेवला, गाडी सुरू झाली, आणि ज्यांनी तिला बसू दिलं नव्हतं त्यांच्यातल्या दोघांनी समाधानानं मान हलवली. मी उठून माझी जागा देऊ लागलो तर ती म्हणाली, "राहू द्या सायेब. इथं ऊब लागते." मी परत बसलो, पण मला त्या गाडीतल्या एकूण एक माणसाची किळस आली होती.

डोणगाव मोठं गाव आहे, बाजारपेठेचं. अडत दुकानांसमोर ज्वारीची पोती आणि कापसाचे ढीग पडलेले होते. लीलागुरूचं घर गावाच्या कडेला, पिंजाऱ्यांच्या वस्तीला लागून. धाब्याचं (मातीच्या सपाट छपराचं) दोन खणी घर, पुढे ओटा, ओट्यावर तुळशीचं वृंदावन. तुळस वाळली होती. दाराला पटवाऱ्याचं (आपल्याकडं तलाठी म्हणतात त्याचं) कुलूप आणि त्यावर लाखेचा लाल गोळा. शेजारी रहीमचाचा पिंजारी राहतात. रुक्मा त्यांच्या ओसरीत झोपत होती.

रहीमचाचा कापूस पिंजता पिंजता थांबले. त्यांच्या भुवयांवरही कापूस होता. "साब, लीलागुरू इथं आली तवा इथं नुसत्या बाभयी होत्या. माती कालवून तिनं भिती उभ्या केल्या. मी तवा जवान होतो, म्या हात लावला. ह्या रुक्माले चेली केली तवा बी मी होतो. जालन्याचे, अकोल्याचे मोठे मोठे हिजडे आले. लीलागुरूनं हिच्या डोक्शावर ओढनी टाकली अन् सांगतलं, हे माही. मंग सर्व्यायनं शिरा खाल्ला."

"आणि आजारपणात?"

"हिनंच केलं. गू-मूत काढलं साब. सख्खी लेक करत नाही."

"पुतण्या कधी आला होता?"

"कुलूप लावाले आला होता," रहीमचाचा म्हणाले आणि पुन्हा पिंजू लागले.

त्यांच्या घरात आम्ही जेवलो. भाकर, बेसन (आपलं पिठलं) आणि फल्लीचा, म्हणजे शेंगदाण्याचा ठेचा. जेवताना मी रुक्माला स्पष्टच विचारलं, तुला नेमकं काय हवं आहे? मला वाटलं होतं ती न्याय वगैरे म्हणेल. न्याय हा शब्द मी त्या दोन दिवसांत एवढा ऐकला होता की त्याचा मला वीट आला होता.

"आतमंधी गुरूची गादी हाये," ती म्हणाली. "तिच्याजवय रोज दिवा लावाचा असते. आता आंधारात हाये. अन् दुसरं म्हंजे सायेब, लोकं ईचारतेत तुले घर कायले पाह्यजे. मले जन्म देल्लेल्या घरानं काढलं. गुरूनं घेतलं. उद्या मी म्हातारी झाली तं मी कुठं पडू? एखादी पोरगी आपलं घर सोडून आली तं तिले मी कुठं घेऊ? हे घर आमची जगाची बी जागा हाये अन् मराची बी."

मग तिनं मला एक गोष्ट सांगितली, हसत हसत, कारण लीलागुरू ती गोष्ट दरवर्षी हसतच सांगायची. लीलागुरू देऊळघाटच्या शेतकरी घरातली, जन्माचं नाव लक्ष्मण. तरुणपणी घर सोडून ती हिजड्यांत गेली, तेव्हा तिच्या बापानं भाऊबंद जमवले, नदीवर घागर फोडली, जिवंत पोराचं दहावं-तेरावं केलं आणि गावाला बुंदीचं जेवण घातलं. "गुरू म्हने, माह्या तेराव्याची बुंदी अख्ख्या गावानं खाल्ली, मलेच नाही भेटली." रुक्मा हसली, रहीमचाचा हसले, आणि मी हातातला घास तसाच धरून बसलो. मला माझा खटला सापडला होता.

मेहकरच्या विश्रामगृहात मी खोली घेतली. तारखेच्या आदल्या दिवशी रुक्मा आणि रहीमचाचा साक्षीची तयारी करायला आले, तर चौकीदारानं व्हरांड्यातच अडवलं. "सायेब, बाईमानसाले इथं परवानगी नाही."

"मग बाप्या समज."

त्यानं रुक्माकडे पाहिलं. "तसं बी नाही समजता येत," तो म्हणाला, आणि त्याची अडचण त्याला फारच मोठी वाटत होती. आम्ही कडुनिंबाखाली बसलो. झाडाला नियम नव्हते. वरून कावळ्यानं माझ्या कोटावर घाण केली, तेवढा एक अपमान त्या दिवशी आम्हा तिघांत मला एकट्याला झाला.

तहसीलदार (आपले मामलेदार) तरुण होते, केसांना तेल, शर्टाला दोन फाउंटन पेनं. पुतण्याचं नाव रामराव. तो गळ्यात सोन्याची साखळी घालून आला होता आणि चेहऱ्यावर दुःख घालायला विसरला होता. त्याच्याबरोबर देऊळघाटचे एक वृद्ध भाऊबंद, गणपतबापू, नातं शाबीत करायला आलेले. कचेरीच्या खिडक्यांत माणसं चढून बसली होती. फुकट करमणुकीला मेहकर कमी पडत नाही.

आधी रुक्मा उभी राहिली. कारकुनानं शपथेआधी विचारलं, "बाई का बाप्या?"

"हिजडा," रुक्मा म्हणाली.

"हे नाही चालत. दोनच घरं हायेत या कागदावर. बापाचं नाव सांग, नाहीतं नवऱ्याचं."

"गुरू लीला."

कारकुनानं पेन ठेवलं आणि तहसीलदारांकडे पाहिलं. खिडकीत खसखस पिकली. तहसीलदार म्हणाले, "पुरुष लिहा, बापाचं नाव माहीत नाही असं लिहा, आणि पुढे चला." अशा रीतीनं नव्या राज्याच्या कारभारानं एका माणसाची ओळख पटवून घेतली. मी हरकत नोंदवली. ती नोंदवली गेली की नाही ते मला ठाऊक नाही, कारकून तेव्हा नाक शिंकरत होता.

मग गणपतबापू आले. उत्साही गृहस्थ. मी त्यांना गोडीत विचारलं, "बापू, लक्ष्मण हा रामरावांचा सख्खा चुलता होता, हे तुम्ही कशावरून सांगता?"

"कशावरून म्हंजे? माह्यासमोर वाढला लक्षिमन. त्याच्या तेराव्याले मी पंगतीत होतो नं. बुंदी होती. अख्खं गाव जेवलं."

"कोणाच्या तेराव्याला?"

"लक्षिमनच्याच."

"तेव्हा लक्ष्मण वारला होता?"

"वारला कुठं? तो तं जिताच होता. त्या लोकायमंधी गेला म्हून बापानं घागर फोडली. आमच्याकडं रीत हाये तशी. तो आमाले मेला."

"मग जमिनीच्या वाटण्या?"

"दोघं भाऊ राह्यले, दोघांत झाल्या. मेलेल्याले काय वाटा देतेत का?" बापूंनी हे सगळं अभिमानानं सांगितलं, आणि रामरावानं डोळे मिटून घेतले. मी तहसीलदारांना म्हटलं, "साहेब, या कुटुंबानं लक्ष्मणाला रीतसर मारलं, त्याचा वाटा खाल्ला, त्याचं तेरावं खाल्लं. एकच माणूस या लोकांसाठी दोनदा मरू शकत नाही. यांचा चुलता नदीकाठी संपला. डोणगावात वारली ती लीलागुरू. तिच्या मरणाशी यांचा संबंध काय?"

खिडकीतली माणसं आता रामरावाला हसत होती. लोकांना कोणाला हसायचं याचं फारसं काही नसतं. तहसीलदारही हसले. म्हणाले, "वकीलसाहेब, बिनतोड. पुतण्याचा अर्ज मी फेटाळतो."

रुक्मानं माझ्याकडे पाहून हात जोडले. मी तोऱ्यात कागद आवरू लागलो.

"आता तुमची चेली," तहसीलदार पुढे म्हणाले. "चेली म्हणजे काय? मुलगी आहे का?"

"मुलीसारखीच."

"दत्तक?"

"त्यांच्या रीतीनं, हो. पंचांसमोर. साक्षीदार बाहेर बसले आहेत."

"त्यांची रीत कायद्यात कुठे आहे?"

"देऊळघाटची घागर फोडायची रीत तुम्ही आत्ताच मानली, साहेब. मग डोणगावची ओढणी का नाही?"

"घागर आपली आहे हो," तहसीलदार अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाले. "हे... हे लोक कोणत्या प्रकारात बसतात ते कायद्यानं सांगितलेलंच नाही. पुतण्या वारस नाही, चेली म्हणून वारस असा शब्दच नाही, म्हणजे मालमत्ता बेवारस. बेवारस म्हणजे सरकारजमा. कुलूप राहू द्या. गावाला गोदामाला जागा हवीच होती." रहीमचाचांना आत बोलावलंच नाही.

मी इतका उत्तम जिंकलो होतो की घर दोघांच्याही हातून गेलं. रामराव जाताना मला नमस्कार करून गेला, तो मी अजून विसरलेलो नाही.

बुलडाण्याला जिल्ह्याच्या कचेरीत वरच्या साहेबांकडे अपील करायचं ठरलं. साहेब दौऱ्यावर होते. थांबणं भाग होतं, म्हणून रुक्मा म्हणाली, लोणारला चला, मले गुरूच्या नावानं धारेवर पानी सोडाले जायचं हाये. मी, रुक्मा आणि रहीमचाचा एसटीनं लोणारला गेलो. या वेळी मी तिला माझ्या शेजारी बसवलं. कोणी काही बोललं नाही, कारण माझ्या अंगावर काळा कोट होता. एका कोटानं जे साधतं ते माणूस असण्यानं साधत नाही, हे मी वहीत टिपून ठेवायच्या लायकीचं समजतो.

लोणारचं सरोवर काठावरून पाहिलं तेव्हा थोडा वेळ माझा राग गेला. जमिनीत प्रचंड वाटी खोदावी आणि तळाशी हिरवट पाणी ठेवावं, असं ते दिसतं. उतारावर दाट झाडी, मध्येच पडकी देवळं, कुठूनतरी मोराचा आवाज. खाली उतरलो तर पाण्याला खारट, कुजका वास. पायवाटेवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. रहीमचाचांनी तो दोरीनं बांधून दिला. तिथं एक शाळामास्तर पोरांना माहिती सांगत होते की हा खड्डा ज्वालामुखीचा की आभाळातून पडलेल्या दगडाचा, यावर मोठमोठ्या विद्वानांचं अजून एकमत नाही. मला हसू आलं. हे सरोवर काय आहे ते कोणालाच ठरवता येत नाही, तरी नकाशात त्याला जागा आहे, आणि त्याला बघायला माणसं तिकीट काढून येतात. रुक्मा काय आहे ते ती स्वतः स्वच्छ सांगते, आणि कारकून म्हणतो, दोनच घरं आहेत.

धारेवर (डोंगरातून सदा पडणाऱ्या झऱ्यावर) बायका होत्या, पुरुष होते. रुक्मा बाजूला एका दगडावर बसून राहिली. सगळे आटोपून गेले तेव्हा ती उठली, ओंजळीत पाणी घेतलं, गुरूचं नाव घेतलं आणि पाणी सोडलं. मी विचारलं, "एवढा वेळ का थांबलीस?"

"मधात गेली असती तं कोनी तरी बोललं असतं," ती म्हणाली. "गुरूच्या पान्यात मले शिव्या नोको होत्या." त्या वाक्यानं मला खरंच वाईट वाटलं. रागापेक्षा ते जड होतं.

बुलडाण्याचे वरचे साहेब निराळेच निघाले. पांढरे केस, मऊ आवाज. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि चहा मागवला, मला एकट्याला. रुक्मा दाराशी उभी होती. रहीमचाचांची साक्ष मात्र त्यांनी पूर्ण ऐकली, मध्ये एकदाही न हसता. ओढणीचं विचारलं, आजारपणाचं विचारलं, माती कोणी दिली ते विचारलं. मग चष्मा काढून पुसला.

"वकीलसाहेब, कायद्यानं माझे हात बांधलेत. वारस म्हणून मी हिला मानू शकत नाही. पण मी काही दगड नाही." आणि त्यांनी हुकूम सांगितला की घर सरकारचंच राहील, परंतु मयताची हिनं केलेली सेवा पाहता, दयाबुद्धीनं, सरकारची मर्जी असेतोवर हिला तिथं राहू द्यावं. कुलूप काढावं.

बाहेर अंगणात रहीमचाचांनी डोळे पुसले. माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं होतं, खोटं कशाला बोलू. मी रुक्माला म्हटलं, "झालं. आजच्या आज दिवा लाव."

तिनं मान हलवली. खुशी तिच्या तोंडावर दिसत होती, पण ती तिथंच उभी राहिली. मग तिनं विचारलं, "हे सायेब लय भले हायेत. पन हे बदलून गेले तं?"

मी वकील आहे, मला प्रश्नांना उत्तरं देण्याचीच सवय आहे. मी तिला सांगितलं की आपण वर जाऊ, मुंबईला अर्ज करू, आमदारांना भेटू, कायद्यात तुमच्यासाठी एक ओळ घालायला लावू, चेली ही गुरूची वारस, एवढीच ओळ. ती ऐकत होती. तिचं डोणगावचं तिकीट मी काढलं आणि तिला गाडीत बसवलं. खिडकीतून तिनं हात जोडले. मला तो नमस्कार घ्यावासा वाटला नाही.

पुण्याला आल्यावर मी ती ओळ लिहिली. ज्यांना ज्यांना पाठवायची त्यांना पाठवली. एका पुढाऱ्यानं कळवलं की या प्रश्नाला जनतेचा पाठिंबा नाही. त्यानं बहुधा जनतेतून त्या लोकांना आधीच वगळलं असावं. दुसऱ्यानं उत्तरच दिलं नाही, तो त्यातल्या त्यात सभ्य. वकिलांच्या खोलीत मित्रांनी प्रवासाची हकीकत मागितली, घागर आणि बुंदीच्या गोष्टीवर पोट धरून हसले, आणि आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ वकील, ज्यांना सगळे मान देतात, ते म्हणाले, "पण घर मिळालं ना तिला? मग आता तक्रार कसली?"

मी त्यांना रुक्माचा प्रश्न सांगितला.

"येईल तो साहेबही चांगलाच असेल," ते म्हणाले. "चांगुलपणावर थोडा विश्वास ठेवावा माणसानं."

"तुमचं डेक्कनचं घर," मी विचारलं, "कोणत्या साहेबाच्या चांगुलपणावर ठेवलंय तुम्ही?"

त्यांनी समोरचा कप उचलला आणि चहा शांतपणे पूर्ण प्यायला.